आधी मूळ सिनेमा, मग विडंबन

ॲक्शनपटांची विडंबनं नुकतीच बघायला लागला आहेस, तर आधी मूळ सिनेमे मन लावून बघ. 'टॉप गन' (१९८६) न बघता 'हॉट शॉट्स' (१९९१) लावलास, तर निम्मे विनोद डोक्यावरून जातील.

'हॉट शॉट्स'च्याच दुसऱ्या भागात नायक गोळ्या झाडत सुटतो आणि पडद्यावर मेलेल्यांचा आकडा वाढत राहतो. ही मोजदाद आपण एरवी कधी करतच नाही. आकडा समोर दिसला, की इतकी वर्षं काय निमूटपणे मान्य करत आलो ते कळतं आणि हसू फुटतं. मला या प्रकाराचं वेड लागलं ते इथेच.

नटांकडेही लक्ष दे. लेस्ली नील्सन आधी कित्येक वर्षं गंभीर भूमिका करायचा. 'एअरप्लेन' या विडंबनपटात (१९८०) त्याने तोच चेहरा ठेवला, म्हणून तर त्याची वाक्यं इतकी नेमकी बसतात. नटच हसायला लागला, तर मजा गेली.

'हॉट फझ' (२००७) मात्र दोनदा बघच. सुरुवातीला सहज बोललेली वाक्यं शेवटच्या गोळीबारात परत येतात, आणि तो गोळीबार खरोखर थरारक आहे! नुसते संदर्भ चिकटवलेले विडंबनपट अर्ध्यात बंद केलेस तरी चालेल.