नवेगाव बांधच्या तलावात पुस्तकातले पक्षी आणि मासे अजून दिसतात का?

मारुती चितमपल्लींचं ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचून तुम्ही हे विचारलंय. पक्षी दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, पहाटे पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, थांबा. गोंदिया-बल्लारशा लाइनवरचं देवलगाव स्टेशन जवळ पडतं. माशांचं मात्र दोन ओळींत सांगून भागणार नाही.

तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या पाळीने बुजवल्या आणि सुमारे ११ चौरस किलोमीटर पाणी अडलं. भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी (पूर्वी जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या) तलावांची घडण अशीच: पाळ, धानाला पाणी सोडायचं तुडूम, जादा पाणी काढणारा सलंग आणि पाळीसमोर दूरवर पसरलेलं उथळ, गवताळ पाणी. देशी माशांची वीण त्या उथळ भागात होते. मरळ तिथल्या वनस्पती सारून गोल मोकळी जागा करते. पुढे पिल्लांचा केशरी पुंजका पाण्यावर फिरतो आणि आई-बाप खालून राखण करतात.

तरीही ‘घाण उपसा, तलाव साफ करा, कटला-रोहू सोडा’ हा सल्ला थांबत नाही. तो साफ चुकीचा आहे. कटला, रोहू, मृगळ वाहत्या पाण्यातले. साचलेल्या तलावात अंडी घालत नाहीत. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवली, म्हणून तर त्यांचं बीज (पिल्लं) विकत मिळतं. म्हणजे ढिवरांच्या (मासेमार समाजाच्या) सोसायटीने दर पावसाळ्यात पैसे मोजायचे आणि फुकट मिळणारी मरळ, शिंगी, मागूर, झिंगे घालवून बसायचं! त्यात ग्रास कार्प हा गवतखाऊ मासा सोडला की पाणवनस्पती फस्त, मग त्यांवर जगणारी बदकं तरी कशाला उतरतील?

गावतलाव सुधारायचा तर मे महिन्यात, पाणी उतरल्यावर, बेशरम हे काठावर माजणारं झुडूप मुळासकट खणा. नुसती कापली तर ओल्या चिखलात पडलेल्या कांड्यांनाही मुळं फुटतात. ढीग पाळीबाहेर नेऊन वाळवा. उघड्या तळाची उथळ नांगरट करा. पाऊस लागला की चांगल्या तलावातून देवधान (रानटी भात) आणि पाण्याखालच्या वनस्पतींची रोपं आणून गुडघाभर पाण्यात लावा. मुळं धरेपर्यंत गुरं आत नकोत. आणि जून-जुलैत सलंगाशी बारीक जाळी लावून चढणीचे मासे धरू नका. अंड्यांनी भरलेल्या माद्याच तेव्हा सापडतात, मग वरची सगळी मेहनत पाण्यात.

हे गावतलावांपुरतं. नवेगाव बांधला लागून राष्ट्रीय उद्यान आहे, २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पही. परवानगीशिवाय गळ टाकू नका. कटला-रोहू अजिबात नकोत असंही नाही. बारमाही खोल पाण्यात थोडे चालतात. फक्त बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) घ्या; मत्स्यजिरे (अगदी बारीक पिल्लं) स्वस्त पडतात, पण बहुतेक मोठ्या माशांच्या तोंडी जातात.