आलापल्लीच्या जंगलात सागवानाची तोड चालते, मग तिथे प्राणी दिसतात का?

हो दिसतात, पण ताडोबासारखं जिप्सीत बसून दिसतील असं समजून येऊ नका. माझं गाव इथलंच, गडचिरोलीतल्या अहेरी तालुक्यातलं, वडील कित्येक वर्षं कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, मजुरीला जायचे आणि सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो, त्यामुळे तोडीचं जंगल म्हणजे मेलेलं जंगल असं कोणी म्हटलं की खरंच वाईट वाटतं. इथे सगळं एकदम सपाट करत नाहीत, कूप पाडलेले असतात, आधी झाडांना मार्किंग होतं आणि ज्या कूपाची पाळी असेल तिथेच तोड. तोड चालू असेल तिकडे फिरकायचंच नाही. दोन-तीन पावसाळे खाल्लेला जुना कूप गाठा, तिथे ऊन खालपर्यंत येतं म्हणून गवत माजतं, सागाच्या खुंटांना धुमारे फुटतात, आणि पहाटे चितळं तिथेच चरत असतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर सागाची पानं गळून पडतात ना, ती पापडासारखी मोडतात, एक पाऊल टाकलं तरी सगळ्या जंगलाला कळतं. म्हणून चालायचं कमी आणि बसायचं जास्त. मी तर नाल्याकाठीच बसतो, कारण साग उघडाबोडका झाला की हिरवी झाडं तिथेच उरतात, जांभूळ, अर्जुन वगैरे, आणि शेकरू पण तिथेच येतं. आधी वरून फळांचे तुकडे टपटप पडतात, मान वर करून नीट बघितलं की मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलेलं दिसतं, पुढच्या दोन्ही पायांत फळ आणि ती झुपकेदार शेपूट खाली लोंबत असते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास मी जागचा हललो नव्हतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा मात्र पहाटे मोहाखाली एकट्याने जाऊ नका, अस्वल हमखास असतं, आणि फुलं वेचायला वाकून बसलेल्या माणसांवर वाघाने हल्ले केलेत आमच्या भागात. सोबत गावातलाच माणूस घ्या आणि आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारूनच आत जा.

तोडीचं जंगल बघून झालं की आलापल्लीपासून भामरागड रोडवर साधारण 16 किलोमीटरवर वनवैभव आहे तिथे जा. 1953 पासून तो सहा हेक्टरचा तुकडा तोडीशिवाय राखून ठेवलाय, 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या सागाला मिठी मारून बघा, हात पुरत नाहीत, म्हणजे इथला साग मोकळा सोडला तर किती वाढतो ते कळेल.

आणि कमलापूरचा हत्ती कॅम्प चुकवू नका. ते हत्ती पूर्वी इथलंच लाकूड ओढायला ठेवलेले, आता ते काम बंद झालंय. जानेवारीत त्यांच्या पायांना जडीबुटीचा लेप लावून शेकतात, चोपिंग म्हणतात त्याला, तेव्हा कॅम्प काही दिवस बंद असतो, तर निघायच्या आधी फोन करून विचारा.