आयुष्यभराच्या विकासाचं मानसशास्त्र शिकवायला अमेरिकेत येणार असाल तर

तुमचे तीन प्रश्न होते: भारतातली पीएचडी चालेल का, शिकवायला लायसन्स लागतं का, आणि माणसांचा वीस वर्षं मागोवा घेणारा स्वतःचा अभ्यास इथे येऊन सुरू करावा का.

पीएचडी चालते, काही विद्यापीठं पदवीचं मूल्यांकन करून मागतात, एवढंच. शिकवायला आणि संशोधनाला लायसन्स लागत नाही. थेरपी करायची असेल तर लागतं, आणि त्याचे नियम राज्यागणिक वेगळे.

तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम 'नको' असं आहे. टेन्युअरचा, म्हणजे नोकरी कायम होण्याचा, निर्णय साधारण सहाव्या वर्षी होतो आणि तोवर तुमच्या अभ्यासाची जेमतेम दुसरी फेरी झालेली असेल. मग अनेकजण वेगवेगळ्या वयाची माणसं एकाच वेळी तपासून मोकळे होतात. त्यात मोठा धोका आहे. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिएटलमध्ये वय आणि बुद्धी यांचा अभ्यास सुरू केला. वेगवेगळ्या वयोगटांची एकाच वेळची तुलना केली की बुद्धीची उतरण बरीच लवकर सुरू झालेली दिसायची. त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासल्यावर बहुतेक क्षमता साठीच्या आसपासपर्यंत टिकलेल्या दिसल्या. फरक बराचसा वयाचा नव्हता, पिढीचा होता: शाळा किती, आरोग्य कसं, काम कोणतं.

म्हणून तयार माहितीवर काम सुरू करा, आणि ते आजच, व्हिसाची वाट न बघता. मिशिगन विद्यापीठाचा हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी १९९२ पासून पन्नाशीपुढच्या लोकांना दर दोन वर्षांनी भेटतो. त्याची सार्वजनिक माहिती नोंदणी करून मोफत मिळते. त्याच्याशी जुळवून भारतात 'लासी' (लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया) हे वाढत्या वयाचं सर्वेक्षण झालं. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून जास्त माणसं होती. दोन्हीकडे दहा शब्द ऐकवतात, लगेच आठवायला सांगतात, थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. आता कधीच शाळेत न गेलेल्या सत्तरीच्या बाईला चार शब्द आठवले, तर त्यात वय किती आणि न मिळालेली शाळा किती? हा प्रश्न तुम्हाला इथल्या बऱ्याच उमेदवारांपेक्षा आतून कळतो. तुमच्या अर्जाचा कणा तोच असू द्या.

लहान मुलांवर काम करणार असाल तर आयआरबीच्या, म्हणजे संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या, मंजुरीसाठी वेळ राखून ठेवा. पालकांची परवानगी आणि मुलाचा स्वतःचा होकार या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईने सही केली तरी मूल नको म्हणालं तर थांबायचं. मला हा नियम मनापासून पटतो.

शिकवण्याचं म्हणाल तर वर्गात नर्सिंगची मुलं पुष्कळ असतात. पाठ्यपुस्तकाचा मोठा भाग बालपणावर असतो आणि सत्र संपत आलं की म्हातारपण दोन तासांत उरकलं जातं. त्यांना पुढे वृद्ध रुग्णच जास्त भेटणार, त्यामुळे हे मला फार खटकतं. मी पहिल्याच आठवड्यात आजी-आजोबांचं जन्मसाल लिहायला लावतो, आणि ते अठरा वर्षांचे असताना काय करत होते ते घरी विचारून यायला सांगतो. कुणाचे आजोबा सैन्यात गेलेले असतात, कुणाच्या आजीला तोवर मूल झालेलं असतं. त्यानंतर पिढीचा परिणाम समजावायला फारसं बोलावं लागत नाही. असा एखादा स्वतःचा पाठ अर्जासोबतच्या अध्यापनाच्या निवेदनात (टीचिंग स्टेटमेंट) सविस्तर लिहा, निवड समिती तो वाचते. बहुतेक जागांचे अर्ज सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जातात, तेव्हा शिफारसपत्रं उन्हाळ्यातच मागून ठेवा.