बेळगावची हवा थंड, मग वृद्धाश्रमात तापमान वगैरे बघायला लागतं का?

आईला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरतंय, बेळगावकडं उन्हाळा फारसा नसतो, तरी खोलीचं तापमान बघावं का असं विचारलंय तुम्ही. बघायलाच पाहिजे. गावाची हवा वेगळी आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखाली झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाची हवा वेगळी, त्यात चिकोडी, रायबाग, अथणीकडं तर ऊनच निराळं.

माझी मावशी मराठी शाळेत बाई होती, लग्न केलं नाही, शेवटी चिकोडी भागातल्या एका वृद्धाश्रमात होती. एप्रिलात भेटायला गेले तर भर दुपारी अंगात स्वेटर, पायावर चादर, खिडक्या सगळ्या बंद, कारण शेजारच्या कॉटवरच्या आज्जींना वारं बाधतं. गरम होत नाही का गं विचारलं तर म्हणे मला काही नाही बाई. हात लावला तर अंग तापलेलं, जीभ कोरडी, आणि मला माझ्या आईच्या नावानं हाक मारायला लागली. तिथले मॅनेजर म्हणाले वयानं होतं असं. सकाळी फोनवर नीट बोललेली बाई दुपारी वयानं अशी होते होय? स्वेटर काढला, खाली व्हरांड्यात आणलं, ओल्या पंचानं अंग पुसून वारं घातलं आणि तसंच दवाखान्यात नेलं, सलाईन लावल्यावर रात्री माझ्या नावानं हाक मारून जेवलीस का विचारलं तिनं.

आमचा दादा तेव्हापासून एकच धरून बसलाय, "तिला गरम होत असतं तर ती बोलली नसती काय?" नसती बोलली! वयानं तहान कमी लागते, घाम कमी येतो, उकडतंय हेच लवकर कळत नाही, त्यात बीपीसाठी लघवीच्या गोळ्या असल्या की अंगातलं पाणी आणखी कमी होतं, आणि विसरायचा आजार असेल तर विचारूच नका. म्हणून माणसाला विचारायचं नाही, थर्मामीटर बघायचा. भिंतीवर लावायचा साधा मिळतो, मी कॉटजवळ लावला तर रात्री अकराला 34, बाहेर अंगणात मस्त गार वारं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खाली उष्णता सोडतो, त्यामुळं दुपारी चक्कर मारून हवेशीर आहे म्हणू नका, रात्री बघा.

आकडेच पाहिजेत तर जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात निदान 18 अंश सांगते, उन्हाळ्यात दिवसा 32 च्या खाली आणि रात्री 24 च्या खाली. अमेरिकेत नर्सिंग होमला साधारण 22 ते 27 चा नियम आहे, तरी 2017 ला फ्लोरिडात चक्रीवादळानंतर एका ठिकाणचा एसी बंद पडला आणि हॉस्पिटल शेजारी असून 12 म्हातारी माणसं गेली, मग तिथं जनरेटर सक्तीचा केला. आपल्याकडं वळवाचा पाऊस आला की लाईट जातेच, तेव्हा जनरेटर आहे का एवढंच नाही, त्याच्यावर काय काय चालतं ते विचारा. एप्रिलात रात्री 24 एसीशिवाय जमणार नाही हे मलाही कळतं, सगळ्या खोल्यांना एसी कुणाला परवडतो. पण 2003 च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेल्यावर त्यांनी प्रत्येक वृद्धाश्रमात निदान एक थंड खोली ठेवायला लावली, तेवढं कुठलाही ट्रस्ट करू शकतो. स्लॅबवर चुना मारायला तर कितीसा खर्च येतो!

आणि हो, कूलर कोरड्या उन्हातच चालतो, दमट हवेत नुसती चिकचिक. 40 च्या वर पंखा गरम वाराच अंगावर मारतो. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या. खानापूरकडचं ठिकाण असेल तर पावसाळ्यातली ओल आणि थंडी बघा, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवत असतील तर तिथनं उठून या, त्यातनं निघणाऱ्या विषारी वायूनं झोपेतच माणूस जातो. शुगरवाल्यांच्या पायाशी गरम पाण्याची पिशवीसुद्धा नको, भाजलेलं कळत नाही.

वरच्या मजल्याची खोली फी कमी म्हणून देतात, ती घेऊ नका. आमच्या दादानं तीच घेतली होती. खालच्या मजल्याचे जास्तीचे पैसे भावंडांत वाटून घ्या, आणि कुणी म्हणालं आईची काही तक्रार नाही, तर त्याला रात्री अकराला त्या खोलीत नेऊन बसवा.