ज्यू म्हाताऱ्यांना जर्मनीचे पैसे मिळतात, मग देणगी कशाला? जरा सविस्तर उत्तर

तुम्ही विचारलंय की नाझींनी ज्यूंवर केलेल्या अत्याचारांबद्दल जर्मनीने एवढी भरपाई दिली, ज्यूंच्या एवढ्या मोठमोठ्या संस्था आहेत, मग रशिया-युक्रेनमधल्या म्हाताऱ्या ज्यूंसाठी अजून देणग्या का मागतात, आणि द्यायचीच झाली तर कुठे द्यावी. मी मूळची ठाण्याची बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडची मराठी बोलणारी ज्यू, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. आमच्या बिल्डिंगमध्ये बरेचसे लोक सोव्हिएत युनियनमधून आलेले, आणि शुक्रवारी शबातच्या (ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) आधी अशा एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी किराणा पोचवायचं काम मी बरीच वर्षं करतेय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

आधी भरपाईचं. १९५१ ला ज्यू संस्थांनी मिळून न्यूयॉर्कमध्ये जर्मनीकडून भरपाई मागायला क्लेम्स कॉन्फरन्स ही संस्था काढली आणि १९५२ च्या लक्झेंबर्ग करारात पश्चिम जर्मनीने इस्रायलला ३०० कोटी मार्क आणि क्लेम्स कॉन्फरन्सला ४५ कोटी मार्क द्यायचं कबूल केलं. आकडे मोठे आहेत, खरंय. पण पुढे ज्या वैयक्तिक पेन्शनी सुरू झाल्या त्या मिळाल्या मुख्यतः पश्चिमेत किंवा इस्रायलला पोचलेल्यांना. कीव्ह, खारकीव, मिन्स्क, ओडेसाला जे मागे राहिले त्यांना अर्ज करायचा रस्ताच नव्हता. पूर्व युरोपात राहणाऱ्यांसाठी वेगळा फंड झाला तो थेट १९९८ मध्ये, आणि नाझी सैन्य येतंय म्हणून घरदार सोडून पळालेले जे लोक अजून तिथेच राहतात त्यांना एकदाच मिळणारे २,५५६ युरो मिळायला लागले २०१२ च्या शेवटी. युद्ध संपलं १९४५ ला. मधल्या वर्षांत किती जण काहीही न मिळता गेले असतील याचा विचार करा.

आणि हे लोक गरीब का, तर आळशी किंवा अडाणी म्हणून नाही हो. माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायका डॉक्टर, इंजिनियर, गणिताच्या शिक्षिका. सोव्हिएत युनियन मोडलं आणि आयुष्यभराची बचत बँकेतल्या बँकेत कागद झाली, १९९३ मध्ये युक्रेनमध्ये महागाई वर्षाला दहा हजार टक्क्यांच्या पुढे गेली होती. त्याच काळात तरुण मंडळी इस्रायल, अमेरिका, जर्मनीला निघून गेली, एकट्या इस्रायललाच दहा लाखांच्या आसपास माणसं आली. मागे उरले ते आजारी, किंवा आजारी नवऱ्याला सोडून येऊ न शकलेले. २०२४ मध्ये युक्रेनची किमान पेन्शन होती २,३६१ रिव्निया, म्हणजे आपले पाच हजार रुपये धरा, त्यात औषधं, खाणं आणि तिथल्या हिवाळ्यातलं हीटिंगचं बिल बसवायचं.

तिकडे या म्हाताऱ्यांसाठी काम करणारी मुख्य संस्था म्हणजे जॉइंट, पूर्ण नाव अमेरिकन ज्युइश जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी. १९१४ मध्ये तुर्कस्तानातले अमेरिकेचे राजदूत मॉर्गेन्थाऊ यांनी पॅलेस्टाइनमधल्या उपाशी ज्यूंसाठी ५०,००० डॉलर पाठवा अशी तार न्यूयॉर्कला केली, त्यातून ती उभी राहिली. स्टालिनच्या राजवटीने तिला १९३८ मध्ये बाहेर काढलं, १९५३ मध्ये डॉक्टरांच्या कटाच्या खोट्या प्रकरणात (ज्यू डॉक्टर सोव्हिएत नेत्यांना मारायला निघालेत असा आरोप) हेरांची संस्था ठरवलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथलं सरकार बदलायला लागलं तेव्हा हीच मंडळी परत आत गेली. १९९३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पहिलं हेसेद, म्हणजे गरजू वृद्धांना मदत करणारं केंद्र, सुरू झालं, पुढे गावोगावी झाली.

हेसेद करतं काय ते नीट समजून घ्या, कारण पैसा नेमका तिथे लागतो. किराणासाठी बँकेसारखं कार्ड मिळतं, दुकानात बाकीच्यांसारखं स्वाइप करायचं, कुणाला कळतही नाही की मदत आहे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. रामबाम या मध्ययुगातल्या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, त्यात देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही ही वरून दुसरी पायरी आहे. मग औषधं, डायपर, थंडीत ब्लँकेट आणि सरपण. आणि सगळ्यात महागडी आणि सगळ्यात गरजेची गोष्ट म्हणजे घरी येणारी बाई. तिकडच्या जुन्या पाच मजली इमारतींना लिफ्ट नसते, चौथ्या मजल्यावरची गुडघे गेलेली आजी वर्षानुवर्षं खाली उतरलेली नसते. ही बाई येते, अंघोळ घालते, सूप करते, चादर बदलते, आणि दोन शब्द बोलते. त्या दिवशी तिच्याशिवाय दुसरं कुणी दार वाजवत नाही.

आता मुद्द्याचं बोलते. या बाईच्या तासांचा पैसा दोन खिशांतून येतो. एक खिसा जर्मनीचा, क्लेम्स कॉन्फरन्समार्फत, आणि तो फक्त व्याख्येत बसणाऱ्या नाझीपीडितांसाठी. जानेवारी २०२४ च्या त्यांच्या अहवालाप्रमाणे जगभरात साधारण २,४५,००० असे लोक तेव्हा उरले होते, जवळजवळ निम्मे इस्रायलमध्ये, आणि निम्मे जण ८६ किंवा त्याहून मोठे. दुसरा खिसा देणगीदारांचा, त्यात अमेरिकेतले ज्यू आहेत आणि बरेच ख्रिश्चनही आहेत. त्याच जिन्यावर समोरच्या दारात राहणारा म्हातारा १९४७ मध्ये जन्मला असेल, आईचं अख्खं माहेर बाबी यारला, कीव्हजवळच्या ज्या दरीत नाझींनी ज्यूंची कत्तल केली तिथे, मारलं गेलं असेल, तरी त्याचं नाव पहिल्या यादीत येत नाही. तोही अंथरुणावर, त्याचीही मुलं नाहीत, आणि त्याला तास मिळतात ते देणगी येईल तेवढेच. फोटो आणि बातम्या सर्व्हायव्हर (नाझींच्या तडाख्यातून वाचलेल्या) लोकांच्या येतात, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही देताना ‘फक्त सर्व्हायव्हरसाठी’ अशी अट घालू नका, सगळ्या गरजू वृद्धांसाठीच्या फंडात द्या. जर्मनीचा पैसा त्या पिढीबरोबर संपत जाणार, हे म्हातारे मात्र अजून दहा-पंधरा वर्षं असणार आहेत, मला त्याचीच काळजी आहे.

पैसा कुणाला आधी यावर भांडणंही झालीत. स्विस बँकांनी १९९८ मध्ये १२५ कोटी डॉलरवर तडजोड केली, त्यातला लुटलेल्या मालमत्तेचा जो भाग होता त्यातले ७५ टक्के ब्रुकलिनच्या न्यायाधीश कॉर्मन यांनी पूर्वीच्या सोव्हिएत देशांतल्या गरजूंना दिले. अमेरिकेतल्या सर्व्हायव्हर मंडळींनी विरोध केला, त्यांच्यातही गरीब होतेच, त्यांचा राग मला कळतो. पण अपिलातही निर्णय टिकला आणि मला तो योग्य वाटतो, सगळ्यात जास्त उपाशी कोण ते बघूनच वाटायला हवं.

२०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा जॉइंट आणि क्लेम्स कॉन्फरन्सने अंथरुणाला खिळलेल्या शंभरावर सर्व्हायव्हर लोकांना अ‍ॅम्ब्युलन्सने युक्रेनमधून जर्मनीतल्या वृद्धाश्रमांत नेलं. लहानपणी ज्या देशाच्या सैन्यापासून पळाल्या त्याच देशात नव्वदीला आसरा घ्यायचा, काय वाटलं असेल त्यांना. यादीत नसलेले मात्र बरेचसे तिथेच राहिले.

आपल्याकडचंही सांगते. मुंबई-ठाण्यात मुलं इस्रायलला आलेली आणि आईबाप मागे राहिलेले बेने इस्रायल आहेत. भारतात हिटलर पोचला नाही, त्यामुळे जर्मनीच्या पैशाचा प्रश्नच नाही, आणि तो नसणं बरोबरच आहे. पण म्हातारपण, औषधं, एकटेपणा तोच. जॉइंट मुंबईतही काम करतं. आणि १९३४ मध्ये मुंबईत ज्युइश रिलीफ असोसिएशन निघाली होती, जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून आलेल्यांना मदत करायला, तेव्हा हे देणं-घेणं आपल्या शहराला नवीन नाही.

तर कुठे द्यायचं. युक्रेन वगैरेसाठी जॉइंट. इस्रायलमध्ये व्हीलचेअर, वॉकर अशा वस्तू उसन्या देणारी याद सारा, १९७६ पासूनची, आणि सर्व्हायव्हर लोकांच्या मनाच्या आजारपणासाठी १९८७ पासूनची आमखा. भारतातून परदेशी संस्थेला दिलं तर देणगीवरची आयकराची सूट मिळत नाही, आणि पैसे बँकेतूनच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आजीचा फोटो आणि कुणाचा तरी खासगी खाते नंबर आला तर अजिबात नको. जुने कपडे, डबे पार्सल करू नका, कुरियरच्या पैशात तिथेच चार पट सामान येतं. आणि एकदम मोठी रक्कम जमत नसेल तर दरमहा थोडी बांधून द्या, त्या घरी येणाऱ्या बाईला पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि पुढच्या महिन्यात किती तास देता येतील ते संस्थेला आधी ठरवावं लागतं.