वाचकांचे प्रश्न : दिलीपकुमार राय, लाखेच्या तबकड्या आणि बंगाली उच्चार

प्रश्न : नागपूरच्या इतवारीतलं जुनं घर रिकामं करताना आजोबांच्या ट्रंकेत 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) चार तबकड्या निघाल्या. दोनवर ‘दिलीपकुमार राय’ असं नाव आहे. पुण्याच्या हरिकृष्ण मंदिराचे ते हेच का? त्यांना शास्त्रीय गायक म्हणायचं की भजनगायक?

उत्तर : हो, तेच. नटाशी गल्लत मात्र होऊ देऊ नका. मोबाइलवर शोधलं की आधी नटच समोर येतो. या गायकाचा जन्म 22 जानेवारी 1897 चा. वडील द्विजेंद्रलाल राय हे बंगालचे मोठे नाटककार आणि गीतकार. ते 1913 साली गेले. मुलानं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित घेतलं आणि 1919 मध्ये केंब्रिज गाठलं. सुभाषचंद्र बोस त्यांचे जिवलग मित्र. पण गणित मागे पडलं आणि गाणं पुढे आलं. 1922 मध्ये परतल्यावर ते अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, चंदन चौबे, सुरेंद्रनाथ मजुमदार अशा वेगवेगळ्या ढंगांच्या गवयांकडे शिकले. 1928 मध्ये पाँडिचेरीला योगी अरविंदांच्या आश्रमात गेले. 1950 मध्ये अरविंदांचं निधन झालं. पुढे शिष्या इंदिरादेवींसह 1953 चा परदेश दौरा झाला आणि 1959 मध्ये पुण्यातलं मंदिर उभं राहिलं. 1965 मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. 6 जानेवारी 1980 ला ते गेले.

आता शास्त्रीय की भजन? इथेच त्यांचा खरा वाद होता, आणि तोही थेट रवींद्रनाथांशी. ख्याल गाणाऱ्याला असते तशी तान-आलापाची मोकळीक बंगाली गाण्यातही गायकाला हवी, असं दिलीपकुमारांचं म्हणणं. रवींद्रनाथांना निदान स्वतःच्या गाण्यांत ती मोडतोड नको होती. म्हणून दिलीपकुमारांचं भजन ऐकताना शब्द भक्तीचे आणि गळा ख्यालाचा असं वाटतं. त्यांची तान ही त्या बैठकीपुरती असते. तबकडीवरची तान जशीच्या तशी पाठ करून गाणं म्हणजे त्यांच्याच म्हणण्याच्या उलट जाणं. शब्द आणि मूळ चाल घ्या, हरकती आपल्या गळ्यातून येऊ द्या.

प्रश्न : त्याच तबकड्या मुलाच्या टर्नटेबलवर लावल्या तर नुसती खरखर येते, आणि सूर हार्मोनियमच्या पेटीशी जुळत नाही. पुसायच्या कशानं?

उत्तर : सर्वांत आधी स्पिरिटची बाटली बाजूला ठेवा. या तबकड्या लाखेच्या असतात, आणि सुतार लाकडाला पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. एकदा पुसलं की सुई फिरते ती खाच गेली. डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं पुसा. मधलं लेबल कोरडं ठेवा आणि लगेच सुती कापडानं टिपा.

खरखरीचं दुसरं कारण सुई. एलपीची (नंतरच्या विनाइल तबकडीची) सुई साधारण 18 मायक्रॉनची, तर 78 ला साधारण 75 मायक्रॉनची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाते आणि तिथली धूळच वाजवते. सुईवरचं वजनही 4–5 ग्रॅम लागतं. चावीच्या ग्रामोफोनवर लावणार असाल तर पोलादी सुई दर बाजूला बदला. कंजूषी केली तर घासलेली सुई खाच खाते.

सुराचं म्हणाल तर गती तपासा. गती सुमारे 6 टक्के वाढली की सूर अर्ध्या स्वरानं चढतो. षड्ज (सा) काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच लटकत असेल तर गती थोडी कमीजास्त करून जवळच्या पट्टीला आणा. तुमची पेटीच उतरलेली नाही ना, हे आधी पाहा. 10 इंची तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावतात, त्यामुळे शेवट घाईचा वाटला तर तो दोष तबकडीचा नाही.

आणि नागपूरच्या मे महिन्यात तबकड्या गच्चीखालच्या माळ्यावर ठेवू नका. उभ्या, घट्ट ओळीत, आतल्या खोलीत ठेवा. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात. कूलरसमोरही नकोत, ओलीनं लेबलला बुरशी धरते.

प्रश्न : धंतोलीतल्या आमच्या महिला भजन मंडळाला द्विजेंद्रलालांचं ‘धनधान्य पुष्पभरा’ म्हणायचं आहे. देवनागरीत लिहून घेतलं, तरी बंगाली शेजारीण हसते.

उत्तर : हसणारच, कारण तुम्ही मराठीतला ‘अ’ म्हणता. बंगालीत त्या जागी बहुधा ‘ऑ’ येतो आणि पुढच्या अक्षरात इ किंवा उ असला की ‘ओ’ होतो. ‘व’ सहसा ‘ब’ होतो, आणि ‘स’, ‘श’, ‘ष’ तिन्ही बहुतेक ‘श’च. म्हणून ‘वसुंधरा’ हे ‘बोशुन्धॉरा’ म्हणायचं. शब्दामधल्या ‘क्ष’चा ‘क्ख’ होतो : लक्ष्मी म्हणजे ‘लोक्खी’. शब्दाच्या सुरुवातीचा ‘य’ हा ‘ज’ आणि शब्दामधल्या जोडाक्षरातला ‘य’ मागचं अक्षर दुप्पट करतो, म्हणून ‘धान्य’ हे ‘धान्नो’.

कागदावर देवनागरीत लिहिताना मूळ शब्द नव्हे, उच्चारच लिहा. दर कडव्याला आधी तालाशिवाय दोनदा वाचून घ्या, मग पेटी उघडा. सगळ्यांचे ‘ऑ’ एकसारखे आले नाहीत तर समूहात तो ‘आ’ ऐकू येतो, तेव्हा ओठ गोल करून एकत्र म्हणून बघा. शेजारणीलाच पहिल्या तालमीला बसवा.