फॉसडेमला स्वखर्चाने जाऊ का? जा, पण लोन काढून नको

प्रश्न थोडक्यात असा: वय 29, पुण्यात हिंजवडीला नोकरी, हातात 88,000 येतात. त्यातले 31,000 घराच्या ईएमआयला, 34,000 घरखर्चाला, 10,000 एसआयपीला जातात. एफडी 2,60,000 ची. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रसेल्सला फॉसडेम, म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअरवाल्यांची मोठी कॉन्फरन्स, असतं तिथे जायचंय, कंपनी सुट्टी देईल पण पैसे देणार नाही. एफडी मोडू का दीड लाखाचं पर्सनल लोन काढू? बायको म्हणते वेड लागलंय का.

बायकोचं नंतर बघू, आधी तुमची एक्सेल शीट. विमान 52,000, हॉटेल 30,000, खाणं 8,000, टोटल 90,000. आणि एंट्री फुकट म्हणून पुढे हसरा चेहरा काढलाय तुम्ही 😀 बरोबर आहे, फॉसडेमला तिकीट नाही आणि रजिस्ट्रेशन पण नाही, सरळ युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमध्ये चालत जायचं. पण व्हिसा कुठाय शीटमध्ये? शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरची सर्व्हिस फी, म्हणजे अकरा-साडेअकरा हजार, आणि व्हिसा नाकारला तर ते गेले ते गेलेच. त्याला 30,000 युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, तो धरा दीड हजार. थर्मल आणि जाड जॅकेट 8,000, कारण तिथली फेब्रुवारी म्हणजे महाबळेश्वरची थंडी नाही. मुंबई एअरपोर्टला जायचं यायचं 4,000. युरो मी 105 ने धरलाय, कार्डाचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशात कार्ड वापरल्यावर बँक वर लावते तो चार्ज, वेगळा. खाण्याला 8,000 म्हणजे पाच दिवस तुम्ही घरून नेलेल्या ठेपल्यांवर काढणार असाल तर ठीक, नाहीतर बस-ट्राम धरून 21,000 धरा. विमान 58,000, हॉटेल चार रात्रींचं साधारण 36,000. सगळं मिळून 1,40,000 च्या घरात जातं. शिवाय चार पीएल, म्हणजे पगारी रजा, जाणार, तुमच्या पगाराने दिवसाला 4,000 म्हणजे ते पण 16,000 झाले, ते खिशातून जात नाहीत म्हणून कोणी धरत नाही एवढंच. (एचआरला पैसे नका मागू, ते चार दिवस ऑन ड्यूटी, म्हणजे रजा न कापता कामावर धरून, द्या म्हणा, त्याला बरेचदा हो म्हणतात.)

आता शीटची शेवटची ओळ, "अपेक्षित फायदा: पुढच्या स्विचला 30% हाईक". म्हणजे नोकरी बदलताना पगार 30% वाढेल, ही ओळ मला अजिबात पटलेली नाही. मी स्वतः एकदा 35,000 घालवून आमच्या फील्डच्या एका मोठ्या कॉन्फरन्सला गेलो होतो, दोन दिवस एसीत बसलो, दुपारी बुफे, संध्याकाळी बुफे, 40 व्हिजिटिंग कार्डं आणि एक कापडी पिशवी घेऊन घरी आलो. पिशवीत अजून भाजी आणतो. कार्डांतल्या एकाचाही फोन आला नाही, आणि खरं सांगायचं तर मी पण कोणाला केला नाही, कारण तिथे मला कोणी ओळखतच नव्हतं आणि मला कोणाला नक्की भेटायचंय हे मलाही माहीत नव्हतं.

तुमचं तसं नाहीये म्हणून मी लगेच नको म्हणत नाहीये. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं एका ओपन सोर्स प्रोजेक्टला पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवताय आणि त्याचे दोन मेंटेनर, म्हणजे तो प्रोजेक्ट सांभाळणारी माणसं, दरवर्षी तिथे येतात. फॉसडेमची भाषणं लाइव्ह दिसतात आणि नंतर रेकॉर्डिंगही फुकट मिळतं, उलट तिथे गेल्यावर गाजलेल्या रूमच्या दारावर "फुल" ची पाटी बघून बाहेर उभं राहावं लागतं. म्हणजे भाषणं ऐकायला जायचं असेल तर घरी सोफ्यावर बसून जास्त ऐकाल. 1,40,000 तुम्ही त्या दोन माणसांबरोबर कॉफी प्यायला देताय, आणि ते मला चालेल, पण आधी त्यांना मेल टाका, मी येतोय, अर्धा तास भेटाल का. डेव्हरूममध्ये, म्हणजे तिथल्या एकेका विषयाच्या खोलीत, 20 मिनिटांचा टॉक मिळतोय का तेही बघा, प्रपोजल मागवायला साधारण दिवाळीच्या सुमारास सुरुवात होते. दोन्हीकडून काहीच नाही आलं तर यंदा राहू द्या, त्याऐवजी सप्टेंबरच्या आसपास पायकॉन इंडिया, ही पायथनवाल्यांची कॉन्फरन्स, असते, बंगळुरूला असली तर रात्रीची स्लीपर पकडा, सगळं मिळून पंधरा-वीस हजारात होतं.

पैसे कुठून? लोन नको. दीड लाख, 14%, दोन वर्षं, म्हणजे महिन्याला 7,200 आणि वर जवळपास 23,000 व्याज, प्रोसेसिंग फी वेगळी. त्यात व्हिसाच्या फाइलला बँक स्टेटमेंट जोडावं लागतं, आणि अर्जाच्या आधी एकदम दीड लाख जमा झालेले दिसले की प्रश्न येतात. एफडी पण नको. ईएमआय आणि घरखर्च मिळून तुमचे 65,000 जातात, म्हणजे ती एफडी फक्त चार महिन्यांची आहे, 1,40,000 काढले की दोन महिन्यांच्या पण खाली, आणि आयटीत प्रोजेक्ट काढून घेऊन बेंचवर बसवायला किती वेळ लागतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग उरतात महिन्याचे 13,000, जे सध्या कुठे जातात ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारत पण नाही. आता जून चाललाय. जुलैपासून जानेवारीपर्यंत 12,000 ची आरडी, सात महिने, 84,000. दिवाळी बोनस हातात 45,000 येतो म्हणालात, झाले 1,29,000. जॅकेट विकत घेऊ नका, तुमच्या सोसायटीत परदेशातल्या ऑनसाइटहून परत आलेला कोणीतरी असणारच, त्याचं कपाटात पडलेलं मागून न्या, की बजेट 1,32,000 वर येतं आणि 3,000 चा फरक कुठूनही निघेल. एसआयपीला हात लावायचा नाही. विमानाचं नॉन-रिफंडेबल तिकीट व्हिसा हातात यायच्या आधी काढायचं नाही, पाच-सात हजार महाग पडलं तरी चालेल, आणि हॉटेल फ्री कॅन्सलेशनचंच.

फक्त तो बोनस. तुम्हीच मेलच्या तळाशी लिहिलंय की दिवाळीला फ्रिज घ्यायचं ठरलं होतं. म्हणजे हे 45,000 तुमच्या एकट्याचे नाहीत, आणि वहिनी वेड लागलंय का म्हणतात ते ब्रसेल्सला नाही, फ्रिजला धरून म्हणत असतील. आजच बोला. जुना फ्रिज अजून एक वर्ष चालेल का हे त्यांनी ठरवायचं, तुम्ही नाही. त्या नाही म्हणाल्या तर ब्रसेल्स आणखी एक वर्षाने, आरडी चालूच ठेवा.

आणि ती 30% ची ओळ डिलीट करून शीट परत पाठवा, मग आरडी कुठल्या तारखेला लावायची ते बघू.